म्होरक्याविना वाजलेले संगीत : कोलोन, १९६८

मे १९३८. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरात एक प्रदर्शन भरले. नाव होते ‘अवनत संगीत’. भित्तिपत्रकावर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाचे विद्रूप व्यंगचित्र होते आणि त्याच्या कोटावर ज्यूंचा सहा टोकांचा तारा लावलेला होता. नाझी राजवटीला नको असलेले सगळे सूर एका छताखाली आणून त्यांची जाहीर टवाळी करायची, हा या प्रदर्शनाचा हेतू. एका बाजूला अमेरिकेतून आलेले जॅझ; दुसऱ्या बाजूला शोनबर्ग, कुर्ट वाइल यांच्यासारख्या आधुनिक रचनाकारांच्या कृती. दोन्ही एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात.

नेमक्या त्याच आठवड्यात ड्रेसडेनच्या परिसरात एक मूल जन्मले. याकी लीबेत्साइट. त्याच्या दोन महिने आधी डान्झिग शहरात दुसरे जन्मले होते. होल्गर चुकाय. तीस वर्षांनंतर, त्या प्रदर्शनाच्या जागेपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या कोलोनमध्ये, या दोघांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पिंजऱ्यातल्या त्या दोन आरोपींना एकत्र वाजवायला बसवले. त्या खटाटोपातून जे निघाले ते धड जॅझ नव्हते, धड रॉक नव्हते आणि शास्त्रशुद्ध आधुनिक संगीतही नव्हते. त्या बँडचे नाव ‘कॅन’. आजचा धागा त्यांच्याविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी एक कबुली. त्यांची ‘हालेलूवा’ ही साडेअठरा मिनिटांची रचना मी प्रथम ऐकली, तेव्हा चौथ्या मिनिटाला फोन काढून पाहिला. ड्रमचा तोच ठेका फिरून फिरून येत होता. फाइल अडकली असावी असे वाटले. दहाव्या मिनिटाच्या सुमारास ध्यानात आले की ठेका तोच आहे, पण त्याच्याभोवतीचे सारे बदलून गेले आहे. आणि ते केव्हा बदलले, हे मला सांगता येत नाही. हे कसे घडते, याचा शोध घेताना मी संगीतापेक्षा इतिहासातच अधिक शिरलो.

ऑक्टोबर १९३५ मध्ये जर्मन रेडिओवरून जॅझ प्रसारित करण्यास बंदी आली होती. १९४५ मध्ये राजवट कोसळली आणि ज्यांच्या कानांना या संगीताची चोरून सवय लागली होती ते उघडपणे ऐकू लागले. पुढच्या पिढीसाठी तर विजेत्यांच्या छावण्याच शाळा ठरल्या. अमेरिकी सैन्याचे ‘एएफएन’ रेडिओकेंद्र आणि ब्रिटिश सैन्याचे ‘बीएफबीएस’ ही त्यांची पाठ्यपुस्तके. यांपैकी ब्रिटिश केंद्र १९५४ नंतर कोलोनमधूनच चालत असे. जित राष्ट्राची मुले जेत्यांचे संगीत ऐकत वाढत होती, आणि त्याच वेळी घरात वडील युद्धात काय करत होते हा प्रश्न कुणी विचारत नव्हते. इर्मिन श्मिट या मुलाने मात्र तो शाळेत विचारला. शाळेच्या नियतकालिकात त्याने शिक्षकांचा नाझी भूतकाळ उघड केला आणि शाळेने त्याला काढून टाकले. पुढे ‘कॅन’ची कल्पना प्रथम याच श्मिटच्या डोक्यात आली, हे विसरू नये.

पिंजऱ्यातला दुसरा आरोपी, म्हणजे आधुनिक रचनासंगीत, कोलोनमध्येच पुन्हा उभा राहिला. १९५१ मध्ये तिथल्या रेडिओकेंद्रात इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ निघाला. कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन हे त्या स्टुडिओचे सर्वांत मोठे नाव. त्यांच्या मनोरुग्ण आईला १९४१ मध्ये नाझींनी ‘जगण्यास अपात्र’ ठरवून ठार केले होते. वडील युद्धात परतले नाहीत. ज्या संगीतावर लष्करी कवायतीची पावले पडू शकतात, त्या ठाशीव तालाविषयी या पिढीच्या रचनाकारांना तिटकारा होता, यात नवल नाही. स्टॉकहाउझेन यांच्या वर्गात ताल मोडलेला असे, सूर विखुरलेला असे आणि ध्वनिफीत ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडलेली असे. श्मिट आणि चुकाय हे दोघे त्यांचे विद्यार्थी. त्या वर्गातून त्यांनी ताल मोडण्याचा धडा फारसा घेतला नाही. ब्लेड मात्र उचलले.

जॅझचा मार्ग वेगळा होता. तिथे या काळाचे एक मोठे नाव म्हणजे समीक्षक आणि निर्माते योआखिम-अर्न्स्ट बेरेन्ट. त्यांचे वडील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते. नाझींना विरोध केल्यामुळे ते डाखाउच्या छळछावणीत मरण पावले. बेरेन्ट यांनी जॅझला जगभरच्या संगीतांशी भेटवणाऱ्या ध्वनिमुद्रिकांची एक मालिका काढली. तिच्यातील १९६७ ची ‘जॅझ मीट्स इंडिया’ मराठी माणसाने मुद्दाम ऐकावी. तिच्यात सतारीवर दिवाण मोतीहार आहेत आणि तबल्यावर मुंबईत जन्मलेले, लंडनमध्ये स्थायिक झालेले केशव साठे. त्यांच्यासमोर स्वित्झर्लंडच्या पियानोवादक इरेन श्वाइत्झर यांचे त्रिकूट आहे: बासवर उली ट्रेप्टे, ड्रमवर मानी नॉयमायर. तिच्यातील एका रचनेचे नाव ‘ब्रिगाख अँड गँजेस’. ब्रिगाख हा डॅन्यूब नदीचा एक उगमप्रवाह. पलीकडे गंगा आहेच.

या मुद्रिकेनंतर वर्षभरातच ट्रेप्टे आणि नॉयमायर यांनी जॅझचा रीतसर मार्ग सोडला आणि ‘गुरू गुरू’ नावाचा कर्कश, सायकेडेलिक, बेबंद रॉक बँड काढला. मुद्रिकेवरचे ट्रम्पेट मानफ्रेड शोफ यांचे आहे. शोफ यांच्या पंचकाचा ड्रमवादक त्या काळी कोण होता? आपला याकी लीबेत्साइट. साठ्यांच्या तबल्याने हे सारे घडवले, असा दावा मी करणार नाही. पण जर्मन फ्री जॅझची जी मंडळी लवकरच दुसऱ्या वाटेला लागणार होती, त्यांच्या शेजारी त्या ऐन वेळी आवर्तनाने चालणारा एक ताल वाजत होता, इतके ध्वनिमुद्रिकेवरच आहे.

लीबेत्साइटचे दुखणे समजून घ्यायला हवे, कारण पुढचे सगळे त्यातून निघाले. तो अव्वल ड्रमवादक होता. साठीच्या दशकारंभी बार्सिलोनात चेट बेकरसारख्या नामवंताला त्याने साथ केली होती. मग तो फ्री जॅझमध्ये आला. फ्री म्हणजे मुक्त. स्वर मुक्त, लय मुक्त, सम नावाची गोष्टच नाही. काही वर्षांत त्याला उमगले की या मुक्तीचे नियम जुन्या नियमांहून कडक आहेत. ठेका धरायचा नाही. एक गोष्ट दोनदा वाजवायची नाही. कानाला गोड लागेल असे तर काहीच नाही. सगळे काही चालते म्हणणाऱ्या त्या मैफलीत पुनरावृत्ती मात्र चालत नव्हती. एका कार्यक्रमानंतर एक अनोळखी इसम त्याच्यापाशी आला आणि त्याने एकसुरी वाजवले पाहिजे, असे त्याला बजावून निघून गेला. ही गोष्ट लीबेत्साइट पुढे आयुष्यभर सांगत असे. तो सल्ला त्याने शब्दशः घेतला.

आपल्याकडच्या श्रोत्याला यात गूढ काही वाटणार नाही. मैफलीत तबलजी विलंबित एकतालाचा ठेका तासभर धरून असतो. त्याला कुणी कल्पनाशून्य म्हणत नाही. तो ठेका स्थिर असतो म्हणूनच गाणाऱ्याला उपज सुचते. लीबेत्साइटने आपली सारी विद्या बाजूला ठेवून ठेका धरायचे ठरवले. युरोपातल्या ‘प्रगत’ संगीतकाराच्या दृष्टीने ही पदावनतीच होती.

१९६८ मध्ये श्मिटने माणसे जमवायला सुरुवात केली. १९६६ मध्ये तो वाद्यवृंद-संचालकांच्या एका स्पर्धेसाठी न्यूयॉर्कला गेला होता. तिथे त्याला टेरी रायली, स्टीव्ह राइक यांचे पुनरावृत्तीवर उभे असलेले संगीत भेटले, आणि श्मिटचे स्पर्धेतले लक्ष उडाले. चुकाय तेव्हा शिक्षकी करत असे. त्याचा मिखाएल कारोली नावाचा विद्यार्थी गिटार वाजवी. शिष्याने गुरूला बीटल्सचे ‘आय अ‍ॅम द वॉलरस’ ऐकवले आणि स्टॉकहाउझेनचा हा चेला रॉककडे वळला. लीबेत्साइटला एखादा ड्रमवादक सुचवायला सांगण्यात आले. सांगणारा स्वतःच हजर झाला.

जागा मिळाली कोलोनजवळच्या न्योर्फेनिश गावातील जुन्या गढीत. जून १९६८ मधला त्यांचा पहिला कार्यक्रम तिथेच झाला. त्यात पॅरिसमधल्या मे महिन्यातील रस्त्यावरच्या चकमकींचे ध्वनी फितीवरून वाजवले गेले. वर्षभर आधी, २ जून १९६७ रोजी, पश्चिम बर्लिनमध्ये पोलिसाच्या गोळीने बेन्नो ओनेझोर्ग हा विद्यार्थी मारला गेला होता आणि देशभरच्या तरुणांत आग पेटलेली होती. काही जण पुढे बंदुकीकडे गेले. बरेचसे नोकरीला लागले. या मंडळींनी त्या गढीत निराळाच प्रश्न लावून धरला : पुढारी नसलेला समूह चालू शकतो का?

‘फ्युरर’ या जर्मन शब्दाचा साधा अर्थ पुढारी, वाट दाखवणारा. १९४५ नंतर तो शब्द उच्चारणे अवघड होऊन बसले होते. ‘कॅन’मध्ये रचनाकार नव्हता, एकल वादकाला मानाची जागा नव्हती, आधी लिहिलेले काही नव्हते. सगळे एका खोलीत बसत, तासन्‌तास वाजवत, आणि जे निघे त्याखाली सर्वांचे नाव लागे. पैसेही समान वाटले जात. बँडला नाव सुचवले गायक माल्कम मूनीने. लीबेत्साइटने त्याला तुर्की अर्थ जोडून दिला. तुर्की भाषेत हा शब्द ‘जान’ असा उच्चारतात आणि अर्थ प्राण. मूळ फारसी, आपल्या मराठीतली ‘जान’ तीच.

मूनी हा अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय शिल्पकार. गायक म्हणून त्याची कसलीही तालीम झालेली नव्हती. १९३८ च्या त्या भित्तिपत्रकावरचे चित्र आठवा, आणि १९६९ मध्ये एका जर्मन गढीत ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहिलेल्या या माणसाकडे पाहा. त्याच्या हाती प्रेयसीचे अमेरिकेहून आलेले पत्र आहे. त्यातील वाक्ये तो पुन्हा पुन्हा उच्चारतो आहे आणि मागे लीबेत्साइटचा ठेका चालू आहे. काही तासांच्या वादनातून कापून वीस मिनिटांचे ‘यू डू राइट’ तयार झाले. ‘मॉन्स्टर मूव्ही’ या पहिल्या मुद्रिकेची एक संपूर्ण बाजू त्याने व्यापली. प्रथम पाचशे प्रती निघाल्या.

१९६९ च्या अखेरीस मानसिक प्रकृती ढासळल्याने मूनी अमेरिकेला परतला. मे १९७० मध्ये म्युनिकच्या एका कॅफेबाहेर चुकाय आणि लीबेत्साइट बसले असताना रस्त्यात एक जपानी तरुण मोठमोठ्याने काही मंत्रोच्चारासारखे म्हणताना दिसला. चुकायने विचारले, आज रात्री आमच्याबरोबर गाशील का? तालीम? तालीम नाही. वीस वर्षांचा दामो सुझुकी त्याच रात्री रंगमंचावर उभा राहिला. सुरुवातीला हलके गुणगुणला, मग अचानक असा ओरडू लागला की बरेच प्रेक्षक उठून गेले. जे थोडे उरले ते भारावले, असे बँडची मंडळी सांगत. सुझुकीचे शब्द कधी इंग्रजी, कधी जपानी, कधी कोणत्याच भाषेतले नसत.

आता ब्लेडकडे येऊ. त्या काळी बड्या स्टुडिओत आठ आणि सोळा पट्ट्यांची यंत्रे आली होती. प्रत्येक वाद्य स्वतंत्र पट्टीवर घ्यायचे, चूक झाली तर तेवढेच पुन्हा वाजवायचे. ‘कॅन’कडे पैसे नव्हते. त्यांच्यापाशी दोन पट्ट्यांची साधी यंत्रे होती. सगळ्यांचे वादन एकाच वेळी एकाच फितीवर जाणार. एकाची चूक सर्वांची चूक. त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याचे ऐकत राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. कुणी सूर पुढे रेटला तर पुसायची सोय नव्हती, इतरांनी त्याला सामावून घ्यायचे एवढाच मार्ग. चुकाय आपल्या मंडळींना न सांगताही यंत्र चालू ठेवी. वाद्ये जुळवतानाचे, मध्यंतरातले निवांत वादनही फितीवर जाई. मग तो फिती कापायला बसे. १९७१ च्या ‘टागो मागो’ या जोडमुद्रिकेचा मोठा भाग असाच घडला. तिच्या दुसऱ्या तबकडीवरचे विस्कटलेले, भीतिदायक प्रयोग कंपनी वगळेल अशी स्थिती होती. जोडमुद्रिकेचा आग्रह धरला तो हिल्डेगार्ड श्मिटने. ती इर्मिनची पत्नी आणि बँडचा व्यवहार सांभाळणारी. म्होरक्या नसलेल्या या समूहाचे घर तिच्या हिशेबावर चालत होते, हे बहुतेक लेखांत एका ओळीत उरकले जाते. मीही दोनच ओळी दिल्या, याची जाणीव आहे.

इथे मला अडखळायला होते. सगळे समान म्हणायचे, आणि अखेर काय ठेवायचे, काय टाकायचे हे ब्लेड धरणारा हात ठरवणार? इतर जण ऐकत, वाद घालत, नकारही देत; तरी पहिला काप चुकायचा असे. नेमक्या याच वर्षांत अटलांटिकच्या पलीकडे माइल्स डेव्हिस हेच करत होता. ऑगस्ट १९६९ मध्ये त्याने ‘बिचेस ब्रू’साठी वादक जमवले, थोड्या सूचना देऊन त्यांना मोकळे सोडले, आणि निर्माता टीओ मसेरो याने फिती कापून-जोडून मुद्रिका उभी केली. पुढे १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’च्या वेळी डेव्हिस स्टॉकहाउझेनचे संगीत ऐकत होता, त्या मुद्रिकेत बादल रॉय यांचा तबला आहे. साधने तीच. पण तिथे आवरणावर एकच नाव. कोलोनच्या मंडळींचे वेगळेपण मला तंत्रापेक्षा या नावाच्या प्रश्नात दिसते.

१९७१ च्या अखेरीस गढी सुटली. वायलर्सविस्ट गावातले एक जुने चित्रपटगृह त्यांनी घेतले आणि आवाज शोषण्यासाठी भिंतींवर लष्कराच्या सुमारे दीड हजार जुन्या गाद्या ठोकल्या. लष्करी गाद्यांचा इतका सदुपयोग क्वचितच झाला असेल. ‘स्पून’ हे त्यांचे तीन मिनिटांचे गीत दूरदर्शनवरच्या एका गुन्हेकथेचे शीर्षकसंगीत झाले आणि १९७२ मध्ये चक्क पश्चिम जर्मनीच्या लोकप्रिय गीतांत सहाव्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी ‘एगे बाम्यासी’ आली. मुखपृष्ठावर डबाबंद भेंडीचा डबा! नावाचा अर्थच ‘एजियन भेंडी’. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून हजारो कामगार जर्मन कारखान्यांत येत होते, आणि त्यांच्यामागोमाग त्यांची भाजी कोलोनच्या दुकानांत आली होती. ब्रिटिश पत्रकारांनी या साऱ्या जर्मन बँडना ‘क्राउटरॉक’ हे हिणकस नाव दिले. ‘क्राउट’ म्हणजे कोबी, युद्धकाळापासून जर्मनांसाठी वापरली जाणारी शिवी. कोबी म्हणून हिणवलेल्यांनी भेंडी पुढे केली, असे मी गमतीने म्हणतो.

सुझुकी १९७३ मध्ये बाहेर पडला. १९७५ मध्ये ‘लँडेड’च्या वेळी त्यांच्याकडे सोळा पट्ट्यांचे यंत्र आले. आता प्रत्येकाला आपले वादन एकट्याने, हवे तितक्या वेळा, निर्दोष करता येऊ लागले. संगीत स्वच्छ झाले आणि मला विचाराल तर तिथेच विझले. चुकायही पुढे हेच कारण सांगत असे : आता कुणाला कुणाचे ऐकण्याची गरज राहिली नव्हती. तो स्वतः १९७७ मध्ये बाजूला झाला आणि दशक संपताना बँडही थांबला.

चुकाय त्या चित्रपटगृहातच राहत असे. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचा मृत्यूही तिथेच झाला. लीबेत्साइट त्याच वर्षी जानेवारीत गेला होता. सुझुकी अखेरपर्यंत जगभर फिरून त्या-त्या गावच्या वादकांसोबत विनातालीम गात राहिला. २०२४ मध्ये कोलोनला वारला. स्टुडिओचे सामान, गाद्यांसकट, ग्रोनाउ इथल्या संग्रहालयात गेले. ते हलवताना फितींची जी रिळे हाती लागली त्यांत तासन्‌तासांचे वादन होते. त्यातून २०१२ मध्ये तीन तबकड्यांचा ‘द लॉस्ट टेप्स’ निघाला.

ऐकायचे असेल तर ‘स्पून’पासून सुरुवात करा, मग ‘व्हिटॅमिन सी’, मग दिवे मालवून ‘हालेलूवा’. ‘टागो मागो’ची दुसरी तबकडी पहिल्याच दिवशी लावू नका. आणि मध्ये कधीतरी १९६७ ची ती भारतभेटीची मुद्रिका लावून, सगळी वाद्ये सोडून, फक्त केशव साठ्यांच्या डाव्याकडे कान द्या.